अक्का, पाट मी मांडला

मंगळवारी सकाळी सात वाजता तू स्वयंपाकघरात पडलीस. सव्वासातला सेल्वी कामाला आली आणि तिने शेजाऱ्यांना बोलावलं. आठ वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी तू गेल्याचं सांगितलं. चेन्नईतल्या माझ्या नुंगंबाक्कमहून तुझ्या पेरुंगुडीला पोचायला मला नऊ वाजले.

त्याआधी नऊ दिवस आपण बोललो नव्हतो.

गेलेल्या माणसाविषयी लिहिताना राग बाजूला ठेवायचा असतो, हे मला ठाऊक आहे. ग्रंथालयात नोकरी केली, असे लेख पुष्कळ वाचले. त्यांतला माणूस नेहमी हसतमुख असतो, सगळ्यांसाठी झिजलेला असतो, आणि कुणाला त्रास न देता जातो. अक्का, तू हसतमुख होतीस, झिजलीस आणि कुणाला त्रास न देता गेलीस. मला या तिन्ही गोष्टींचा राग आहे.

त्या रविवारी मी आलो तेव्हा तू जेवणाच्या टेबलावर छोट्या वाट्या मांडून बसली होतीस. नाताळच्या पार्टीला अजून अडीच आठवडे होते. तुमच्या बिल्डिंगीत नाताळच्या संध्याकाळी सगळे खालच्या हॉलमध्ये जमतात आणि मधल्या टेबलावर तुझी फळी असते. तिच्यावर चीजचे तुकडे, हॅम, सलामी, द्राक्षं, अंजीर, बदाम, खारी बिस्किटं, ऑलिव्ह असं सगळं इतकं दाटीवाटीनं मांडलेलं, की खालचं लाकूड दिसू नये. बिल्डिंगीतली तरुण मंडळी त्याला शार्कुटरी बोर्ड म्हणत. तू म्हणायचीस ‘पलगै’. तमिळमध्ये फळीला म्हणतात तेच. भावोजी गेल्यावर पहिल्या वर्षी कुणीतरी तुला सहज विचारलं, आंटी, काही कराल का, आणि तू हे मोबाइलवर बघून शिकलीस. नंतर ते काम तुझंच झालं.

मी कागदी रुमाल शोधायला खण उघडला आणि मला फाइल सापडली.

“हे काय आहे, अक्का?”

“कागद.”

“कसले?”

“हॉस्पिटलचे. ठेव तिथं. तेलाचे हात लागतील.”

“ताबडतोब दाखल व्हा असं लिहिलंय यात. तीन आठवडे झाले याला.”

“पार्टी होऊ दे. सव्वीसला जात्ये. बॅगसुद्धा भरून ठेवली आहे, जा, बघ जा.”

मी गेलो आणि बघितली. बॅग खरंच भरलेली होती. दोन गाऊन, टॉवेल, कंगवा, देवीच्या कुंकवाची पुडी. ती बॅग बघून मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. तुला सगळं कळलं होतं. तू घाबरली होतीस, म्हणून तर बॅग भरलीस. आणि तरीही बाहेर येऊन वाट्या पुसत बसलीस.

“तुझ्याशिवाय पार्टी होणार नाही का?”

“होईल की. पण वाईट होईल.”

“लोकांना चीज वाढायला जीव पणाला लावायचा?”

“जीव कसला डा. सलामी आहे नुसती.” आणि तू हसलीस. तुझ्या वरच्या ओठावर घाम होता आणि तू हसलीस.

तेव्हा मी म्हणालो, “मग मर त्या पलगैवर. मला फोन करू नकोस.”

तू वर पाहिलंस. म्हणालीस, “जेवून जा.”

मी जेवलो नाही.

आपल्या घरात कुणी कधी कुणाची माफी मागितलेली मी पाहिलेली नाही. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटेल, म्हणून सांगायला हवं. आपल्याकडे भांडण तोंडानं मिटत नसे. ज्याला मिटवायचं असेल त्यानं डब्यात काहीतरी घालून पाठवायचं. समोरच्यानं ते खायचं, डबा घासायचा आणि त्यात काहीतरी घालून परत करायचा. घरात काही नसलं तर चमचाभर साखर. डबा भरून परत आला की भांडण संपलं, मग त्याविषयी जन्मात कुणी बोलायचं नाही. मद्रासजवळच्या आवडी गावातल्या क्वार्टर्समध्ये अम्मा आणि शेजारची डोरीन आंटी नळाच्या पाण्यावरून दोन महिने बोलत नव्हत्या. नाताळला आंटीनं दरवर्षीसारखं झाकलेलं ताट पाठवलं, थंड मांसाचे काप, व्हिनेगरमधले कांदे, केक. अम्मानं सोमासी, म्हणजे करंज्या, तळून ते ताट भरून परत पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघी नळाजवळ उभ्या राहून तिसरीच्या कागाळ्या करत होत्या. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस, मी, तुझा धाकटा भाऊ, तुझा तंबी, सहाचा. आंटीच्या ताटातला मांसाचा काप तू उजेडासमोर धरून बघितलास, हे मला आठवतं. “बघ तंबी, आरपार दिसतं,” म्हणालीस.

आणि डबा रिकामा परत येणं म्हणजे काय, तेही आपल्याला ठाऊक होतं. असं आपल्या घरात एकदाच झालं. अम्माच्या बहिणीनं रिकामा डबा पाठवला आणि त्यानंतर दोघी एकमेकींच्या दारात गेल्या नाहीत. त्या बहिणीचं नावसुद्धा मला मोठेपणी कळलं.

गुरुवारी दुपारी पार्सलवाल्यानं तुझा डबा आणून दिला. आत तळलेलं उप्पुकंडम् होतं, लहान कांदे आणि कढीपत्ता घालून.

उप्पुकंडम् काय असतं ते माझ्या पुण्याच्या मित्रांना मी कितीदा समजावलं आहे. मटणाच्या लांब पट्ट्यांना मीठ-हळद-लसूण चोळायचं, सुईनं दोऱ्यात ओवायच्या आणि मे महिन्यात, अग्निनक्षत्राच्या दिवसांत, लाकडासारख्या कडक होईतो उन्हात वाळवायच्या. मग बरणीत. हवं तेव्हा वरवंट्यानं ठेचून तिळाच्या तेलात तळायचं. आपल्याला हे अम्मानं शिकवलं, म्हणजे तुला शिकवलं. मी पुस्तक घेऊन गच्चीवर बसायचो आणि कावळे हाकायचो. तेवढंच माझं काम. पुस्तकात डोकं घातलं की कावळा यायचा आणि तुला बोलणी बसायची, कारण तू मोठी. एकदाही तू म्हणाली नाहीस की तंबीचं लक्ष नव्हतं.

गेल्या वर्षी तू ते पार्टीच्या फळीवर ठेवलं होतंस. बरोबर मधोमध, एका वाटीत. ती फळी म्हणजे तुझ्या लग्नातला फणसाचा पाट. तू त्याला घासूनपुसून तेल दिलंस तेव्हाही आपला वाद झाला होता. मी म्हणालो होतो, ज्या पाटावर लग्नाला बसलीस त्याच्यावर डुकराचं मांस मांडणार? तू म्हणालीस, “बसणारे गेले डा. आता पाटानं काय करायचं? कपाटामागे उभं राहायचं?” 

तर गेल्या वर्षी असोसिएशनच्या सेक्रेटरीबाई आल्या, पाटावर वाकल्या आणि सरळ होत म्हणाल्या, “आंटी, हे ड्राय मटण आहे का? वास येतो थोडा. काही फॅमिलीजना चालणार नाही.” शेजारी हॅम होतं, सलामी होती, ती सगळ्या फॅमिलीजना चालत होती. पाकिटातून आलेल्या मांसाला वास नसतो. त्याआधी आठ महिने त्यांनीच तुला गच्चीवर दोऱ्या बांधू नका असं पत्र दिलं होतं आणि तू तुझ्या बाल्कनीत, कपड्यांच्या मागे लपवून, ते मांस वाळवलं होतंस. हे त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

तू हसलीस. “अय्यो, सॉरी मा, मी आत नेते,” म्हणालीस आणि वाटी उचलून हॉलमागच्या किचनमध्ये नेलीस. रिकाम्या जागेत द्राक्षं भरलीस.

मी तिथं उभा होतो, हातात प्लेट घेऊन.  वर घरी आल्यावर मात्र तुझ्यावर ओरडलो. आधीच्या वर्षी तीच बाई तू केलेल्या केकची कृती मागायला तुझ्या दारात उभी होती, आणि तू तिला सॉरी म्हणतेस? आपल्या घरात कुणी कुणाला म्हटलं नाही ते तू एका परक्या बाईला म्हणतेस? तू म्हणालीस, “इंग्लिशमध्ये म्हटलं डा. त्याचं काय मोजायचं.”

तर, गुरुवारी डबा आला. मी तो उघडला आणि ओट्यापाशी उभ्यानं सगळं खाल्लं. उत्तम झालं होतं. त्याचाही मला राग आला. दाखल व्हायचं सोडून ही बाई वरवंट्यानं मांस ठेचत उभी राहिली. तेल कढवत उभी राहिली. माझ्यासाठी. म्हणजे आता हिला काही झालं तर त्यात मीही आलो.

दोन दिवस डबा ओट्यावर होता. घासलेला. माझ्या घरात साखर होती. खजूर होते, आदल्या दिवशी आणलेली केळ्याची वेफर्स होती. शनिवारी सकाळी मी तो डबा कोरड्या फडक्यानं आतून पुसला, झाकण लावलं, पार्सलवाल्याला बोलावलं आणि रिकामा पाठवला.

मी विसरलो नव्हतो. हे मला इथं स्पष्ट लिहायचं आहे, कारण ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणतात, अहो, घाईत राहिलं असेल. घाईत राहिलं नाही. मला तुला घाबरवायचं होतं. मला वाटलं, रिकामा डबा बघून तू उठशील, टॅक्सी करशील, माझ्या दारात येऊन शिव्या देशील, आणि मी तुला त्याच टॅक्सीत घालून हॉस्पिटलात नेईन. असा माझा बेत होता. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आणि हा बेत केला.

तू आली नाहीस. फोन केला नाहीस, कारण मी करू नकोस म्हटलं होतं. एरवी माझं एक ऐकत नव्हतीस. औषधाची वेळ, मिठाचं प्रमाण, पाट, काहीही. हे एवढंच ऐकलंस.

तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी सेक्रेटरीबाई आणि दोन जणी भेटायला आल्या. खूप रडल्या, आणि मला वाटतं ते खरं रडणं होतं. मग जरा वेळ गेल्यावर एक जण म्हणाली, “अंकल, आंटींनी सगळं आणून ठेवलंय ना फ्रीजमध्ये? वाया जाऊ नये असं वाटतं. आम्ही त्यांचा फोटो ठेवून त्यांच्या आठवणीत बोर्ड करू. त्यांनाही हेच आवडलं असतं.”

मी म्हणालो, “बघतो.” मला म्हणायचं होतं, चालत्या व्हा. ‘बघतो’ म्हणणारा माणूस मी आहे, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

त्या गेल्यावर सेल्वी स्वयंपाकघर आवरायला लागली. मी दारात उभा होतो. ती डब्यांची फळी पुसत होती. एक डबा हातात घेऊन थांबली.

“सार, तुमची साखर आहे अजून. काय करू?”

“कसली साखर?”

“शनिवारी तुम्ही डब्यातून पाठवलीत ना, ती. अक्कांनी मला दाखवली. म्हणाल्या, बघ सेल्वी, तंबीचा राग गेला. मला पण दिली चिमूटभर. म्हणाल्या, तोंड गोड कर. दिवसभर गात होत्या.”

तिने डबा माझ्यापुढे धरला. तोच डबा. तळाशी दोन चमचे साखर.

“सार?”

“हो,” मी म्हणालो. “पाठवली होती. राहू दे.”

अक्का, मी तुला विचारतो, हे करायचा अधिकार तुला कुणी दिला? भांडण माझं होतं. डबा मी रिकामा पाठवला होता, शुद्धीत राहून, पुसून. तू तुझ्याच बरणीतली साखर त्यात घातलीस आणि माझ्या नावानं माझा राग संपवून टाकलास. का? सेल्वीपुढं लाज वाटली म्हणून? भाऊ असा वागतो हे कामवालीला कळू नये म्हणून? की तुला स्वतःलाच ते खरं वाटायला हवं होतं? दिवसभर गात होतीस म्हणे. कुणासाठी? सेल्वी तर तिच्या कामात होती. गच्चीवरच्या कावळ्यापासून आतापर्यंत तू हेच केलंस. माझं लक्ष नव्हतं हे तू कधी कुणाला कळू दिलं नाहीस. मलाही नाही. म्हणून मी असा झालो.

मला तुझ्याशी गोड बोलता येत नाही आहे. प्रयत्न करतो.

शनिवारी शनिवारी तू मला आवडीहून गाडीनं मद्रासला आणायचीस, मोठ्या ग्रंथालयात. तू स्वतः कधी आत आली नाहीस. बाहेर पायऱ्यांवर बसून शेंगा खायचीस, दोन-दोन तास. मी माझी मराठी तिथं शिकलो, छापील पुस्तकांतून. त्याआधी मला आपली घरची तेवढी येत होती, तंजावरहून तमिळच्या शेजारात तीन शतकं राहून आलेली. मग घरी येऊन मी तुला सुधारायला लागलो. ‘अस्कं’ म्हणू नकोस, ‘सगळं’ म्हण. तू म्हणायचीस, “अस्कं म्हटलं तर कमी पडतं का डा?” एकदा मी विचारलं, पायऱ्यांवर बसून काय करतेस इतका वेळ? म्हणालीस, “बाहेर येणाऱ्यांची तोंडं बघत्ये. आत जाताना एक असतं, येताना एक. तुझं सगळ्यात जास्त बदलतं.” इतकं नीट माझ्याकडे नंतर कुणी पाहिलं नाही. माझ्या बायकोनंही नाही, आणि ती चांगली होती.

सुतकात माणूस पार्टीला जात नाही. मी गेलो.

नाताळच्या दुपारी मी तुझा फ्रीज उघडला. दाराला आतून तू कागद चिकटवला होतास. पाटाचं चित्र, पेन्सिलीनं, आणि त्यात गोल गोल. आपले घरचे शब्द तमिळ अक्षरांत, तू नेहमी लिहायचीस तसे. कडेला बिस्किटं, कोपऱ्यांत चीज, मध्ये मध्ये वाट्या. बरोबर मधल्या गोलात ‘उप्पु’ असं लिहून तू ते खोडलं होतंस आणि ‘द्राक्ष’ लिहिलं होतंस. खोडल्याची रेघ दोनदा ओढलेली. म्हणजे एकदा तुझ्या मनानं घेतलं होतं की यंदा ठेवूया. आणि मग तू माघार घेतलीस, एकटीच, टेबलाशी बसून, कुणी काही म्हणायच्या आधीच.

सेल्वी मदतीला थांबली होती. तिला सगळं पाठ होतं.

“आधी वाट्या, सार. मग मांस. मग चीज. फळं शेवटी, भोकं बुजवायला.”

“ही सलामीची फुलं कशी करायची?”

“छोटा ग्लास घ्या. काठावर चकत्या दुमडून लावा, एकावर एक, गोल. मग उलटा करा.”

मी उलटा केला. फूल पडलं, त्याचं गाठोडं झालं.

“अक्का असत्या तर हसल्या असत्या,” सेल्वी म्हणाली आणि स्वतःच हसली. मग हसता हसता रडायला लागली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, “दाबून लावा सार. तुम्ही घाबरून लावताय.”

मी चार फुलं केली. चारही वाकडी. हॅमच्या घड्या तुझ्यासारख्या पडेनात. चीज कापताना चुरा झाला. एका कडेला लाकूड दिसत राहिलं, किती बदाम टाकले तरी. प्रत्येक गोष्ट करताना मी तुला शिव्या देत होतो, मनात, आपल्या घरच्या भाषेत. त्या पुस्तकात सापडत नाहीत. मग बरणीतलं उरलेलं सगळं उप्पुकंडम् काढलं, ठेचलं, तळलं. घरभर वास सुटला. दारं-खिडक्या मी उघड्या ठेवल्या, जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला यावा म्हणून. आणि वाटी मधोमध ठेवली.

सेल्वी बघत राहिली. “सार, ते असोसिएशनचे लोक...”

“असू दे.”

हॉलमध्ये दिव्यांच्या माळा होत्या, तुझा फोटो होता, त्याला मोगऱ्याचा हार. नाताळची गाणी लावली होती. मी पाट टेबलावर ठेवला. सेक्रेटरीबाई हात जोडून आल्या. “अंकल, किती सुंदर! अगदी आंटींसारखं.” ते तुझ्यासारखं अजिबात नव्हतं, ते कुणालाही दिसत होतं.

मग त्यांनी काय केलं, माहीत आहे? त्यांनी मधल्या वाटीतला एक तुकडा उचलला आणि खाल्ला. बराच वेळ चावला. म्हणाल्या, “हे काय आहे? किती छान आहे! आंटींनी हे आम्हाला कधी सांगितलंच नाही.”

 मी म्हणालो, “सांगितलं होतं. गेल्या वर्षी, याच टेबलावर. तुम्ही म्हणालात वास येतो. तिने वाटी उचलून आत नेली.”

“मी? अंकल, मला खरंच आठवत नाही...”

“मला आठवतं. मी इथं उभा होतो.”

हे म्हणताना माझा आवाज चढला असावा. लोक वळून बघायला लागले. कुणीतरी गाणं बारीक केलं. बाईंचा चेहरा हळूहळू बदलत गेला, त्यांना आठवलं. त्यांनी हातातला रुमाल घट्ट धरला आणि म्हणाल्या, “सॉरी, अंकल. चुकलं माझं. आंटींना म्हणायला हवं होतं.”

मला पुढं काय करायचं ते कळेना. हा शब्द आपल्या घरात कुणी माझ्या तोंडावर बोललेला नाही, तो समोर आला की काय करायचं असतं ते मला शिकवलेलं नाही. मी मान हलवली. त्यांनीही हलवली. गाणं पुन्हा सुरू झालं. एका मुलीनं अंजीर उचललं. मला वाटलं होतं, तुझ्या बाजूनं बोललो की काहीतरी फिटेल. फिटलं काहीच नाही. जे बोलायचं होतं ते एक वर्ष आधी, तू हातात वाटी घेऊन उभी होतीस तेव्हा बोलायचं होतं. आता मी माझीच लाज भरल्या हॉलमध्ये मोठ्यानं वाचून दाखवली. तू असतीस तर माझं मनगट धरून मला किचनमध्ये ओढलं असतंस. “गप डा, सणाच्या दिवशी,” म्हणाली असतीस.

आणि एवढंच लागतं, अक्का. एक बाई उभ्या उभ्या म्हणाली, चुकलं माझं, आणि कुणी मेलं नाही. अम्माला हे का जमलं नाही? तिच्या बहिणीला? आपण पन्नास वर्षं डबे घासत आणि पुसत आणि भरत बसलो, आणि त्याला रीत म्हणत राहिलो. मला त्या रीतीचा राग आहे. ज्या तोंडानं मी तुला मर म्हटलं त्याच तोंडानं गुरुवारी फोन करून दुसरं काही म्हणता आलं असतं. फोन खिशात होता. तू तरी करायचास. तू तरी म्हणायचंस, तंबी, मला भीती वाटत्ये, ये. बॅग भरण्याआधी हे म्हणायचंस. मी आलो असतो. भांडत भांडत आलो असतो.

तू म्हणाली नाहीस. मी म्हणालो नाही. मला आता तो शब्द इथं लिहिता येईल, अवघड नाही. पण वाचणारे दुसरेच असतील.

सोळाव्या दिवसाचे विधी झाले. तुझा फ्लॅट पुढच्या महिन्यात रिकामा करायचा आहे. सेल्वीला पलीकडच्या बिल्डिंगीत काम मिळालं आहे. आपलं भांडण मिटलेलं नाही. ते आता माझं एकट्याचं आहे.